काळीज नेमकं कुठे असतं?

मराठी माणसाचं काळीज कुठे असतं? हा प्रश्न विचारला की कुणीही न विचार करता छातीच्या डाव्या बाजूला हात नेतो. पण टेक्का मार्केटमध्ये मटणवाल्याकडे जाऊन 'कलेजी' मागितली तर तो हृदय देत नाही, यकृत देतो! आणि मटणवालाच बरोबर आहे. संस्कृतात यकृताला 'कालखंड' असा शब्द आहे, अमरकोशातही तो आहे, आणि आपलं काळीज त्याच घराण्यातलं. म्हणजे मूळचं काळीज उजव्या बरगड्यांखाली. पुढे बोलता बोलता ते सरकत सरकत डावीकडे आलं आणि हृदय होऊन बसलं. 'काळजी' हा शब्दसुद्धा त्या काळजातूनच निघाला.

गंमत म्हणजे आपल्या या सिंगापूरच्या मातीतही अगदी हेच झालेलं आहे. मलय भाषेत 'हाती' म्हणजे यकृत. हृदयाला त्यांचा शब्द आहे 'जांतुंग'. पण मन दुखावलं की मलय माणूस 'हाती' दुखलं म्हणतो, आणि 'हाती-हाती' म्हणजे सांभाळून, जपून. एमआरटीच्या फलाटावर आपण सगळे जी 'बरहाती-हाती' अशी घोषणा वर्षानुवर्षं ऐकतो, तिचं शब्दशः मराठी करायचं तर 'काळजी घ्या' हेच! दोन्ही ठिकाणी यकृतच. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा बेडोक स्टेशनवर मी एकटीच हसले होते.

पुण्यात असताना मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असे. इथे मरीन परेडला राहायला आल्यापासून आसपासच्या मराठी मुलांना सायन्स शिकवते. शाळेत त्यांना पचनसंस्था, श्वसनसंस्था, रक्ताभिसरण असतंच, ते सगळं त्यांना इंग्रजीतून चोख येतं. पण आजीशी फोनवर बोलताना 'आजीची नडगी दुखते' म्हणजे काय दुखतं, 'माकडहाड' कुठे असतं, 'खुबा' मोडला म्हणजे काय मोडलं, हे त्यांना कळत नाही. शरीराला आपल्या भाषेत किती नावं आहेत! घोटा, पोटरी, दंड, कोपर, मनगट, बखोट, बरगडी, मणका, टाळू, कानशील, पाणथरी. पण या यादीकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसते. बाहेरून हाताला लागणाऱ्या प्रत्येक उंचवट्याला आपल्याकडे स्वतंत्र, खास मराठी नाव आहे. कातडीच्या आत शिरलं की मात्र नावं विरळ होतात, आणि जी आहेत ती एकतर खाटकाकडून आलेली किंवा थेट संस्कृतातून उचललेली. स्वादुपिंड हा शब्द कुठल्या आजीच्या तोंडी होता सांगा! प्रतापगडावर १६५९ साली कोथळा बाहेर निघाला हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण कोथळा म्हणजे जठर की आतडी, हे कुणी विचारत नाही.

मग आपण मराठी माणसांनी शरीराच्या आत खरोखर डोळ्यांनी केव्हा पाहिलं? आणि ज्याच्या शरीरात पाहिलं तो कोण होता? या दुसऱ्या प्रश्नाने मला गेली काही वर्षं छळलंय. त्याचं कारण घरचंच आहे, ते पुढे सांगते.

सुरुवात अर्थात सुश्रुतापासून करायला हवी. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रेत तपासायची जी पद्धत दिली आहे ती वाचून मी थक्क झाले होते. फार म्हाताऱ्याचं, विषाने किंवा दीर्घ आजाराने मेलेल्याचं प्रेत घ्यायचं नाही. आतड्यातला मळ काढायचा, गवतात-सालीत गुंडाळून पिंजऱ्यात घालायचं आणि वाहत्या पाण्यात, आडोशाच्या जागी बुडवून ठेवायचं. सात रात्रींनी बाहेर काढायचं आणि वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंत एकेक थर पाहायचा. म्हणजे सुरी नाहीच! अर्थात सात दिवस पाण्यात राहिलेल्या देहात हाडं, स्नायुबंध, सांधे चांगले दिसतील. मेंदू किंवा बारीक नसा काय उरणार? सुश्रुताने हाडं ३०० मोजली, चरकाने दात आणि नखं धरून ३६०. आज आपण मोठ्या माणसाची २०६ धरतो. सुश्रुताच्या मोजणीत कूर्चाही येतात. रुडॉल्फ हर्नले नावाच्या पंडिताने १९०७ साली या हाडांच्या हिशोबावर अख्खा ग्रंथ लिहून तो आकडा जुळवून दाखवला. मोजणी आंधळी नव्हती, मोजण्याची रीत वेगळी होती.

पण पुढच्या शतकांत हे पाहणं बंद पडलं. का, यावर विद्वानांचे वाद आहेत, त्यात मी शिरत नाही. एवढं खरं की प्रेताला हात लावला की विटाळ. त्यामुळे ग्रंथ पाठ असणारा वैद्य एका बाजूला राहिला, आणि हाताने काम करणारा हाडवैद्य, सुईण, तुंबड्या लावणारा न्हावी दुसऱ्या बाजूला. पहिल्याला श्लोक ठाऊक, दुसऱ्याला शरीर.

या दुसऱ्या बाजूच्या माणसाची एक गोष्ट जगप्रसिद्ध आहे आणि ती आपल्या पुण्याची आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक बैलगाडीवान होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिनानाकाचाच राहिला. मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. हा माणूस वैद्य नव्हता, शास्त्री नव्हता. विटा करणाऱ्या जातीचा होता असं त्या वेळी लिहिलं गेलं, म्हणजे बहुधा कुंभार. दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया स्वतः पाहिली आणि तिची हकिगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली, कावसजीच्या चित्रासकट.

ती कृती थोडी सविस्तर सांगते, कारण तिच्यात शरीरशास्त्राचा मोठा धडा आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा घेऊन नाकाच्या खुंटावर चांगल्या नाकाचा आकार करायचा. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. त्या रेघेवर कपाळाची कातडी कापून सोडवायची, पण पूर्ण नाही! दोन भुवयांच्या मधे एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. मग नाकाच्या खुंटाच्या कडेला चीर देऊन, कपाळाची कातडी पिळा देऊन खाली वळवायची आणि त्या चिरेत बसवायची. चिकटवायला काय? कात! आपल्या विड्यातला कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. चार दिवस हात लावायचा नाही. नंतर तुपात भिजवलेलं कापड. नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ बोळे. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी ती भुवयांमधली पट्टी कापून टाकायची.

ही पट्टी म्हणजेच सगळी मेख आहे. कातडीचा तुकडा पूर्ण तोडला असता तर तो काळा पडून सडला असता, कारण त्याला रक्त कुठून मिळणार? पट्टीतून जाणारी बारीक रोहिणी त्या कातडीला तीन आठवडे जगवते, तोवर नाकाच्या खुंटातून नव्या केशवाहिन्या आत शिरतात. मग जुनी वाट बंद केली तरी चालतं. रक्ताभिसरणाचा हा नियम त्या कुंभाराला कुणी फळ्यावर काढून शिकवला नव्हता. बापाने मुलाला, मामाने भाच्याला दाखवला असेल. लंडनचे सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी ही हकिगत वाचून वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, हीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. तिथून ती युरोपभर गेली. आजही कपाळाच्या कातडीचं नाक करतात. या गोष्टीत गाडीवानाचं नाव आहे, चित्रकाराचं आहे (जेम्स वेल्स), इंग्रज सर्जनचं आहे. ज्याने नाक केलं त्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

इकडे युरोपात काय चाललं होतं? व्हेसेलियसने १५४३ साली माणसाच्या देहाची खरी चित्रं छापली. त्याआधी हजारभर वर्षं तिथलेही वैद्य गेलनचं पाठ करत होते, आणि गेलनने माकडं-डुकरं फाडून माणसाचा अंदाज बांधला होता! म्हणजे पोथीवर विश्वास ठेवणं ही काही फक्त आपली खोड नव्हे. मग १६२८ मध्ये, म्हणजे शिवनेरीवर महाराजांचा जन्म व्हायच्या दोन वर्षं आधी, विल्यम हार्वीने हृदयाचं पुस्तक छापलं. त्याचा युक्तिवाद मला फार आवडतो, कारण तो साधा हिशोब आहे. हृदय एका ठोक्याला किती रक्त ढकलतं आणि अर्ध्या तासात किती ठोके पडतात, याचा गुणाकार केला तर सगळ्या अंगात नसेल एवढं रक्त होतं. एवढं रक्त दर अर्ध्या तासाला अन्नातून तयार होणं शक्यच नाही. तेव्हा तेच रक्त फिरून फिरून येत असलं पाहिजे. आज आपण मोजतो ते मिनिटाला साधारण पाच लिटर आणि दिवसाला सुमारे एक लाख ठोके. माझ्या शिकवणीतल्या मुलांना मी हा गुणाकार करायला लावते, त्यांना तो गणिताच्या पेपरपेक्षा आवडतो.

आपल्याकडे हे नवं ज्ञान पहिल्यांदा आपलंसं केलं ते मुंबई-पुण्यात नाही, तंजावरात! सरफोजीराजे भोसले, दुसरे (१७९८ ते १८३२ गादीवर), यांचा धन्वंतरी महाल प्रसिद्ध आहे. तिथे देशी वैद्य आणि युरोपीय डॉक्टर एकत्र बसत. मोतीबिंदूच्या रोग्यांचे डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह ठेवलेले कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत, उपचाराआधी डोळा कसा होता आणि नंतर दृष्टी किती आली याच्या नोंदींसह. एक भोसले राजा तमिळ मुलखात बसून रोग्याचे केसपेपर ठेवतोय! इथल्या माझ्या तमिळ शेजारणीला, तिचं माहेर तंजावरचं, हे मी सांगितलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "ठाऊक आहे. आमचा राजा होता तो." आता यावर काय बोलणार!

मुंबईत १८२६ साली डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या हाताखाली देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी एक शाळा निघाली, ती १८३२ मध्ये बंद पडली. कलकत्त्याला १८३६ साली पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केलं आणि सोवळ्याची भिंत फुटली. गोव्यात पोर्तुगीजांचं वैद्यकीय विद्यालय १८४२ चं, म्हणजे मुंबईच्याही आधीचं. आणि मग १८४५ मध्ये भायखळ्याला सर जमशेटजी जीजीभाईंच्या रुग्णालयाशेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांची ही कल्पना. ते १८३८ सालीच वारले, म्हणून त्यांचं नाव. पहिले प्रिन्सिपॉल डॉ. चार्ल्स मोरहेड. शिक्षण इंग्रजीतून, आणि शवविच्छेदन प्रत्येकाला करावंच लागे.

१८५१ साली पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत भाऊ दाजी लाड होते, पेडण्याकडच्या मांद्र्याचे. आत्माराम पांडुरंग तर्खडकर होते, ज्यांनी पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज काढला. गोव्याचे जुझे कामिलो लिस्बोआ होते, जे पुढे वनस्पतिशास्त्रात नावाजले. भाऊ दाजी आधी एल्फिन्स्टनमध्ये शिक्षक होते, ती नोकरी सोडून ते वयाच्या विशीत पुन्हा विद्यार्थी झाले. डोळ्यांपुढे आणा. घरी सोवळं-ओवळं, सुतक आलं की दहा दिवस कुणाला शिवायचं नाही. आणि इथे रोज सकाळी टेबलावर एक अनोळखी देह. त्याची जात ठाऊक नाही, धर्म ठाऊक नाही. घरी जाऊन अंघोळ करत असतील, पण किती वेळा?

आणि त्या टेबलावर त्यांना काय दिसलं असेल? पुस्तकातलं चित्र आणि खरा देह यांत पहिल्या दिवशी काहीच साम्य वाटत नाही, हे मी स्वतः एकदा विच्छेदन पाहिलंय म्हणून सांगते. चित्रात रोहिणी लाल, नीला निळी. प्रत्यक्षात सगळं करड्या-पिवळट रंगाचं. यकृत उजव्या बाजूला एवढं मोठं, जवळजवळ दीड किलोचं, की नजर आधी तिथेच जाते. (काळीज!) हृदय त्यामानाने मुठीएवढं, आणि ते फारसं डावीकडेही नसतं, मध्यावरच असतं, टोक तेवढं डावीकडे कललेलं. लहान आतडं उलगडत गेलं तर सहा-एक मीटर भरतं; जिवंतपणी स्नायूंच्या ताणामुळे ते बरंच आखूड असतं. मूत्रपिंडं पार मागे, पाठीला चिकटलेली, चरबीत लपलेली. ही इवलीशी जोडी दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळते आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घालते, यावर बघून विश्वास बसत नाही.

भाऊ दाजी पुढे मुंबईचे शेरीफ झाले, दोनदा (१८६९ आणि १८७१). महारोगावर त्यांनी कडू कवठीच्या बियांचं औषध वापरून पाहिलं, शिलालेख वाचले, नाणी जमवली. १८७४ साली गेले. राणीबागेतल्या संग्रहालयाला आज त्यांचं नाव आहे. त्यांचा गौरव व्हायलाच हवा. पण त्यांच्या टेबलावरच्या देहांचं काय? त्या काळात प्रेत स्वखुशीने कोण देणार? रुग्णालयात येऊन मेलेले, मागे कुणी न आलेले, मुंबईत पोट भरायला आलेले गरीब लोक, हेच ते. जगभर तसंच होतं. १८३२ च्या इंग्लंडच्या कायद्यानेही बेवारस गरिबांचीच प्रेतं विच्छेदनाला दिली. आपल्याकडे पुढे १९४९ चा मुंबई शारीरशास्त्र कायदा आला, तोही मुख्यतः बेवारस देहांसाठीच. मराठी माणसाला शरीराच्या आतला नकाशा ज्यांनी दिला ते बहुतेक जण हमाल, भिकारी, गिरणीत राबणारे, घर सोडून आलेले होते. घरापासून लांब मेलेले! परदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचताना थोडं टोचावं, अशी माझी इच्छा आहे.

ग्रँट कॉलेजात पुढे मराठी-गुजराती माध्यमाचे वर्गही निघाले. डॉ. सखाराम अर्जुन, रखमाबाईंचे सावत्र वडील, हे त्या काळचं मोठं नाव. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत दोनच भारतीय होते, एक हे आणि दुसरे आत्माराम पांडुरंग. पुण्याला १८७८ मध्ये बी. जे. मेडिकल स्कूल निघालं. म्हणजे मराठीतून शरीरशास्त्र शिकवायचा प्रयोग दीडशे वर्षांपूर्वी झालेला आहे. 'मराठीत ते शक्यच नाही' असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी ऐकवते. १९६० नंतर भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले. त्यातल्या काही शब्दांनी घशात घास अडकतो हे मान्य, पण 'रोहिणी' आणि 'नीला' किती सुंदर आहेत!

आनंदीबाई जोशी १८८३ साली अठराव्या वर्षी फिलाडेल्फियाला पोचल्या, ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. ही गोष्ट आपल्या प्रत्येक दिवाळी अंकात कुणी ना कुणी लिहितंच, म्हणून मी लांबवत नाही. एकच सांगते. ज्या बाईला घरात पाणी भरण्याचेसुद्धा नियम होते, ती नऊवारी नेसून परमुलखात विच्छेदनाच्या खोलीत उभी राहिली. आणि तिची रक्षा शेवटी न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावी, तिच्या कार्पेंटर मावशींच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. गोपाळरावांनीच ती पाठवली.

आता थोडं इथलं. आपण सगळे कधी ना कधी आउटरॅमला सिंगापूर जनरल हॉस्पिटलात गेलोय. त्या भागाचं जुनं नाव सिपॉय लाइन्स, हिंदी शिपायांच्या छावणीवरून. तिथे ३ जुलै १९०५ रोजी, वेड्या बायकांसाठी पूर्वी वापरलेल्या इमारतीत, सिंगापूरचं पहिलं वैद्यकीय विद्यालय भरायला लागलं. सरकारने पैसे लोकांनीच उभे करावेत अशी अट घातली होती. तान जियाक किम या व्यापाऱ्याने पुढाकार घेतला, स्वतः १२,००० डॉलर घातले, आणि एकूण ८७,०७७ डॉलर जमले. पहिल्या वर्गात विद्यार्थी २३. पुढे त्याला सातव्या एडवर्ड राजाचं नाव मिळालं. जमशेटजी आणि जियाक किम, दोघेही व्यापारी, दोघांची शहरं बंदरं. आणि दोन्हीकडे विच्छेदनाच्या टेबलावर कोण होतं हे सांगायला नको. बंदरात येऊन एकटे मेलेले लोक दोन्हीकडे भरपूर होते.

मेलेल्या देहाकडून जिवंत देहाकडे वळायचं तर लोणावळ्याला जायला हवं. स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी, १९२४ साली तिथे कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. आसनं, प्राणायाम यांनी शरीरात नेमकं काय होतं हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यंत्र लावून पाहिलं. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं आणि त्या पोकळीला आपल्या गुरूंचं नाव दिलं, माधवदास पोकळी. उगीच 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' म्हणण्यापेक्षा हे मला हजार पटींनी आवडतं. ईस्ट कोस्ट पार्कमध्ये सकाळी कपालभाती करणारी मंडळी दिसतात, त्यांनी एकदा लोणावळ्याला जरूर जावं.

आणि हृदय? फेब्रुवारी १९६८ मध्ये, केपटाउनच्या पहिल्या हृदयरोपणाला तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपण केलं. रोगी काही तासच जगला. पण त्या वेळी मेंदू मृत झाला म्हणजे माणूस मेला, असं सांगणारा कायदाच आपल्याकडे नव्हता. तो आला १९९४ मध्ये. त्याच वर्षी दिल्लीत एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी यशस्वी रोपण केलं.

बेवारसाच्या जागी स्वखुशीने देह देणारा माणूस आला, हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल मला वाटतो. प्रा. मधू दंडवते २००५ साली गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला दिला गेला. म्हणजे जिथे भाऊ दाजी अनोळखी गरिबांच्या देहावर शिकले, तिथेच देशाचा माजी अर्थमंत्री आपणहून टेबलावर आला. नानाजी देशमुखांनीही २०१० मध्ये देहदान केलं. दोघांचं राजकारण दोन टोकांचं होतं, त्यावर इथे वाद नको!

माझ्या आईनेही पुण्यात देहदानाचा फॉर्म भरलाय. ती ८४ वर्षांची आहे. दादाने साक्षीदार म्हणून सही केली. मला तिने फोनवर सांगितलं, "तू येईपर्यंत थांबायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते." कारण देह काही तासांतच पोचवावा लागतो. सिंगापूरहून निघून, मुंबईला उतरून, एक्स्प्रेसवेने पुणं गाठेपर्यंत तिथलं सगळं आटोपलेलं असणार. मला शेवटचं बघायला मिळणार नाही, आणि नंतर नदीवर जायलाही काही असणार नाही. वहिनीने हळूच विचारलं होतं, दहाव्याचं काय करायचं? आई म्हणाली, "मुलं माझ्यावर वर्षभर अभ्यास करतील, ते काय कमी?" मी त्यावर काही बोलले नाही. अजूनही पूर्णपणे पटलंय असं म्हणवत नाही.

तुमच्यापैकी ज्यांचे आईवडील तिकडे असा विचार करताहेत, त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी लिहिते. फॉर्म भरला म्हणजे झालं असं नाही. त्या वेळी घरच्यांनीच कॉलेजला फोन करून देह सोपवावा लागतो, घरचे नको म्हणाले तर फॉर्मला अर्थ नाही. पोस्टमॉर्टेम झालेला देह किंवा काही संसर्गजन्य आजार असलेला देह सहसा घेत नाहीत. नेत्रदान मात्र आधी करता येतं, तेही सहा तासांच्या आत. आणि मृत्यूचा दाखला डॉक्टरांकडून लगेच लागतो, तो कोण देणार हे आधी ठरवून ठेवावं.

आणि स्वतःचं? आपल्यातल्या पीआर आणि नागरिक मंडळींपैकी किती जणांना ठाऊक आहे की १९८७ च्या इथल्या कायद्याप्रमाणे, २१ वर्षांवरच्या प्रत्येकाची मूत्रपिंडं, यकृत, हृदय आणि डोळ्यांची पारपटलं मृत्यूनंतर रोपणासाठी घेता येतात, जोवर तुम्ही लेखी नकार दिलेला नाही तोवर? सुरुवातीला फक्त मूत्रपिंडं होती, बाकीची २००४ मध्ये आली. म्हणजे इथे गप्प बसणं हाच होकार. भारतात उलट आहे, तिथे होकार सांगावा लागतो. शिक्षणासाठी अख्खा देह द्यायचा असेल तर मात्र इथेही आपणहून फॉर्म भरावा लागतो, त्याचा कायदा वेगळा, १९७२ चा. घरात जेवणाच्या टेबलावर एकदा हा विषय काढून बघा. मुलं आपल्यापेक्षा कमी घाबरतात.

आईने तिच्या फॉर्मची एक झेरॉक्स मला पाठवली आहे. कॉलेजचा फोन नंबर तिने त्यावर लाल शाईने दोनदा लिहिलाय, एकदा इंग्रजी आकड्यांत आणि एकदा मराठी.